धक्का सोसणारें पाणी

शास्त्रीय परिभाषेंत कांहीं शब्द असे येऊन बसले आहेत कीं, त्यांचें माहेर शोधूं गेल्यास तें प्रयोगशाळेंत न सांपडतां भलत्याच ठिकाणीं सांपडतें. 'बफर' हा त्यांपैकींच एक होय. आगगाडीच्या जुन्या डब्यांच्या तोंडाशीं, जोडसाखळीच्या दोहों बाजूंस, स्प्रिंगवर बसविलेल्या वाटोळ्या लोखंडी तबकड्या असत, त्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. इंजिन येऊन डब्यास भिडलें म्हणजे या तबकड्या आंत दबत, धक्का आपल्या अंगावर घेत, आणि आंतल्या उतारूच्या हातांतला चहा पेल्यांतच राही. १९०० सालीं फेर्नबाख व ह्यूबेर हे दोघे शास्त्रज्ञ फ्रान्समध्यें माल्टमधील पाचक द्रव्यांचा अभ्यास करीत असतां त्यांस असें आढळून आलें कीं, कांहीं फॉस्फेट क्षार ज्या द्रवांत विरघळलेले आहेत, त्यांत थोडें आम्ल किंवा अल्क पडलें तरी त्याचा आंबटपणा फारसा ढळत नाहीं. या गुणाला त्यांनीं धक्का झेलणाऱ्या वस्तूचें फ्रेंच नांव दिलें. तीच उपमा पुढें जर्मन भाषेंत गेली आणि इंग्रजींतून आपल्याकडे 'बफर' होऊन आली. आम्हीं पस्तीस वर्षें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलें, त्या अवधींत एकाहि विद्यार्थ्यानें याहून वेगळा शब्द वापरल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं. म्हणून येथेंहि तोच ठेवितों.

तसें पाहूं गेलें तर हा विषय पहिल्या वर्षाच्या वर्गांत दोन तासांत उरकण्याजोगा. एक सूत्र फळ्यावर मांडावयाचें, चार उदाहरणें सोडवून घ्यावयाचीं, परीक्षेंत त्यावर सहा गुणांचा प्रश्न घालावयाचा. परंतु गेल्या वर्षीं तोच विषय आमच्या घरांत पाटापानाच्या वेळेस बोलला जाऊं लागला, आणि त्याचें कारण आमच्या काकू. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, मधुमेह आहे, आणि मूत्रपिंडांची तक्रार आहे — आणि आजकाल असें घर विरळाच — त्या घरांतल्या औषधांच्या डब्यांत 'सोडियम बायकार्बोनेट' असें छापलेल्या पांढऱ्या गोळ्यांचें पाकीट बहुधा असतें. खाण्याचा सोडा तो हाच. स्वयंपाकघरांतली वस्तु औषधाच्या डब्यांत कां आली, हें सांगणारा मनुष्य मात्र सहसा घरांत नसतो. तेवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम आंबटपणा मोजावयाचा कसा, हें पाहूं. आम्ल म्हणजे पाण्यांत हायड्रोजनचे भारित कण सोडणारा पदार्थ आणि अल्क म्हणजे ते कण उचलणारा पदार्थ, एवढें येथें पुरे आहे. या कणांची संख्या निरनिराळ्या द्रवांत इतकी भिन्न असते कीं, ती सरळ आंकड्यांत लिहूं गेल्यास शून्यांची माळच लागते. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेनसेन यांनीं १९०९ सालीं ही माळ तोडून एक सुटसुटीत माप काढलें. तेंच पीएच, आणि आपले शेतकरी मातीच्या तपासणीच्या कागदावर ज्याला 'सामू' म्हणतात तें तेंच. (ही प्रयोगशाळा एका बियर गाळणाऱ्या कारखान्याची होती, ही गोष्ट आमच्या काकूंना शेवटपर्यंत पटली नाहीं, शास्त्रज्ञांना बसावयास दुसरी जागा मिळाली नाहीं काय, असें त्यांचें म्हणणें.) शुद्ध पाण्याचा सामू ७, त्याखालीं आंबट, त्यावर अल्क. लिंबाच्या रसाचा दोन-अडीच, मनुष्याच्या रक्ताचा ७.४. या मापांत एक पायरी उतरणें म्हणजे आम्लकणांची संख्या दसपट होणें. हा दसपटीचा खुबीदार हिशेब ध्यानांत असूं द्यावा. पुढें त्याचेंच काम पडणार आहे.

दिवाळीच्या सुटींत घरांत मुलें जमलीं होतीं, त्यांच्यासाठीं आम्हीं एक खेळ मांडला. लाल जास्वंदीच्या पाकळ्या ऊन पाण्यांत चुरल्या कीं जांभळट अर्क निघतो. तो आम्लांत गुलाबी होतो आणि अल्कांत हिरवा. दोन कांचेचे पेले घेतले. एकांत बॅटरींत घालावयाचें शुद्ध केलेलें पाणी ओतलें. दुसऱ्यांत सोडावॉटर ओतून त्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळविला. दोहोंत जास्वंदीचा अर्क घातला, तो दोन्ही पेले सारखेच जांभळट दिसूं लागले. कोणता कोणता, हें मुलांस ओळखतां येईना. मग दोहोंत लिंबाचे चार-चार थेंब टाकले. पहिला पेला तत्काळ गुलाबी झाला. दुसरा जसाच्या तसा. नवे पेले भरून लिंबाऐवजीं चमचा-चमचा चुन्याची निवळी घातली. पहिला हिरवा, दुसरा पुन्हां जसाच्या तसा. आमची नात, जी इंग्रजी शाळेंत आठवीस आहे, ती म्हणाली, "आजोबा, दुसरं पाणी हट्टी आहे." आम्हांस पस्तीस वर्षांत याहून चांगली व्याख्या सुचली नव्हती.

या हट्टाचें रहस्य असें. सोडावॉटरमध्यें विरघळलेला कार्बन डायॉक्साइड म्हणजे कार्बॉनिक आम्ल. हें दुबळें आम्ल आहे. आपले आम्लकण तें मुठींत धरून ठेवतें, गरज पडेल तेव्हांच सोडतें. आणि सोड्यांतलें बायकार्बोनेट हा या आम्लाचाच जोडीदार, म्हणजे आम्लकण देऊन मोकळा झालेला भाग. बाहेरून लिंबाचे आम्लकण आले कीं बायकार्बोनेट ते उचलतें आणि स्वतः कार्बॉनिक आम्ल बनतें. बाहेरून चुन्याचें अल्क आलें कीं कार्बॉनिक आम्ल आपले राखलेले कण पुढें करतें, अल्क शमवितें आणि स्वतः बायकार्बोनेट बनतें. एक घेणारा, दुसरा देणारा, आणि प्रत्येक जण काम केल्यावर दुसऱ्याचें रूप घेणारा. अशी जोडी ज्या द्रवांत भरपूर आहे तो बफर द्रव. नुसत्या पाण्यांत असा देणारा नाहीं आणि घेणाराहि नाहीं. म्हणून तें चार थेंबांनींच बावरलें.

आंकड्यांची आवड असणाऱ्यांसाठीं एकच उदाहरण देतों. एक लिटर शुद्ध पाण्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाचा शंभरावा हिस्सा मोल टाकला, तर सामू ७ वरून एकदम २ वर येतो. म्हणजे आम्लकण लक्षपट होतात. तेवढेंच आम्ल, ज्यांत शिरक्यांतलें ॲसेटिक आम्ल आणि त्याचा जोडीदार ॲसेटेट हे प्रत्येकीं दशांश मोल आहेत, अशा लिटरभर द्रवांत टाकलें, तर सामू ४.७६ वरून ४.६७ वर येतो. कण वाढतात ते सव्वापटीहूनहि कमी. कारण त्या द्रवाचा सामू जोडीदारांच्या एकूण संख्येवर नसून त्यांच्या परस्पर प्रमाणावर ठरतो. दहा गेले तरी शंभरास शंभर होते त्यांचे नव्वदास एकशें दहा होतात, आणि या प्रमाणांत फारसा फरक नाहीं. मात्र शंभरांपैकीं पंचाण्णव खर्चीं पडले कीं पुढचा पांचांचा धक्का सारें प्रमाण कोलमडून टाकतो. बफर ढळत नाहीं असें नव्हे; तो हळूहळू, न दिसेल असा, आपलें भांडवल खात असतो, आणि भांडवल सरत आलें म्हणजे एकाएकीं ढळतो.

हें वाचून कोणाच्या मनांत एकत्र कुटुंबाची उपमा आली असेल. वर्गांत आम्हीहि ती देत असूं: कोणाचा पगार थांबला, कोणाच्या घरीं आजारपण आलें, तर दहा माणसांत तें वांटून जातें आणि चूल पेटावयाची थांबत नाहीं. परंतु ही उपमा फार ताणण्यांत अर्थ नाहीं. रेणूंना मान-अपमान नसतो, आणि धक्का सोसल्याचें श्रेय कोणास गेलें यावरून त्यांच्यांत अबोला होत नाहीं.

असो. काकूंकडे वळूं.

काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. मधुमेह पंचवीस वर्षांचा, आणि गेलीं सहा-सात वर्षें मूत्रपिंडांचें काम मंदावत चाललेलें. वाड्याची जागा गेली आणि इमारत झाली, तरी आमचीं तीन बिऱ्हाडें एकाच मजल्यावर आहेत आणि स्वयंपाक सणावारीं एकत्र होतो. त्या स्वयंपाकाच्या मुख्य काकूच. गेल्या पावसाळ्यांत असें दिसूं लागलें कीं, गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालून आल्या म्हणजे त्यांस धाप लागे. पुढें पुढें बसल्या जागींहि श्वास खोल आणि भराभर चालूं लागला. छातीचें चित्र काढलें, तें स्वच्छ. हृदयाची तपासणी झाली, तींत नवें कांहीं नाहीं. एका दवाखान्यांत दमा ठरवून तोंडांत मारावयाचा फवारा दिला गेला. दीड महिना तो मारला, गुण शून्य. भूक गेली, तोंडाची चव गेली, मांड्यांची शक्ति गेल्यासारखी वाटूं लागली. घरांत प्रत्येकाचें निदान निराळें. धाकट्या वन्सं म्हणाल्या, हा अशक्तपणा आहे, बदामाचा शिरा द्या. आमचे पुतणे संगणकाच्या क्षेत्रांत आहेत. त्यांचें निदान रोज बदले.

शेवटीं मूत्रपिंडांच्या एका तज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं काकूंकडे पांच मिनिटें नुसतें पाहिलें, श्वास मोजले, आणि मनगटाच्या रोहिणींतून रक्त काढावयास सांगितलें. घंट्याभरानें कागद आला. सामू ७.३१. बायकार्बोनेट लिटरमागें १४ मिलिमोल. तें २४ च्या सुमारास असावयास हवें. कार्बन डायॉक्साइडचा दाब २९. तो ४० च्या आसपास असतो. पुतणे कागद पाहून म्हणाले, "७.४ च्या जागी ७.३१! एवढंच ना? दीड टक्कासुद्धा फरक नाही." दसपटीचा हिशेब येथें उपयोगीं पडतो. ७.४ म्हणजे लिटरांत आम्लकणांचे ४० नॅनोमोल, ७.३१ म्हणजे ४९. जवळजवळ चतुर्थांश वाढ. रक्ताचा सामू निरोगी माणसांत ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यांत राहतो, आणि ६.८ च्या खालीं किंवा ७.८ च्या वर गेल्यास मनुष्य बहुधा जगत नाहीं.

परंतु त्या कागदावरील खरी भयसूचक गोष्ट सामू नव्हतीच. ती १४ या आंकड्यांत होती.

वर्गांत आम्हीं सांगत असूं कीं, कोणतीहि बफर-जोडी तिच्या स्वतःच्या एका विशिष्ट अंकाच्या आसपास, एक पायरी वर वा एक पायरी खालीं, एवढ्याच टापूंत नीट काम करते. रक्तांतील कार्बॉनिक आम्ल व बायकार्बोनेट या जोडीचा अंक आहे ६.१. रक्ताचा सामू ७.४. म्हणजे नियमाप्रमाणें ही जोडी रक्तासाठीं फारशी लायक नाहीं! निरोगी रक्तांत बायकार्बोनेट वीस हिस्से आणि कार्बॉनिक आम्ल एक हिस्सा, असें एकांगी प्रमाण असतें. पाण्याच्या पेल्यांत अशी जोडी अल्काच्या पहिल्याच मोठ्या धक्क्याला हरली असती. मग शरीरानें हीच कां पत्करली? कारण शरीर हा बंद पेला नव्हे. या जोडीच्या दोन्ही टोकांस दारें आहेत. कार्बॉनिक आम्ल वाढलें कीं फुप्फुसें तें वायुरूपानें बाहेर टाकतात. श्वास वाढवावा, आम्ल कमी. श्वास मंद करावा, आम्ल जास्त. आणि बायकार्बोनेट खर्च झालें कीं मूत्रपिंडें नवें करून रक्तांत भरतात. पहिलें काम मिनिटांचें, दुसरें दिवसांचें. रक्तांतील हीमोग्लोबिन, प्रथिनें आणि फॉस्फेट हे हातभार लावतात. पण ज्याला दोन्ही बाजूंनीं पुरवठा व निचरा आहे असा बफर हा एकच. हार्वर्ड येथील हेंडरसन यांनीं या जोडीचें गणित १९०८ सालीं मांडलें. कोपनहेगनच्या हासेलबाल्ख यांनीं १९१६ च्या सुमारास तें सोरेनसेन यांच्या मापांत बसविलें. दोघांच्या नांवें चालणारें तें सूत्र आजहि प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी घोकतो.

आपण जें अन्न खातों, विशेषतः डाळी, दूध, अंडीं यांतलीं प्रथिनें, त्यांच्या जळणांतून दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें एक मिलिमोल असें आम्ल निघतें कीं, जें फुप्फुसांतून उडून जाऊं शकत नाहीं. काकूंचें वजन पन्नास किलो. म्हणजे रोजचे पन्नास. पेशींबाहेरील त्यांच्या साऱ्या द्रवांत मिळून बायकार्बोनेटची ठेव असेल दोनशें चाळिसाच्या घरांत. नवी भर पडलीच नाहीं तर ही ठेव पांच दिवसांची. ती आटत नाहीं याचें कारण, मूत्रपिंडें रोज तेवढें आम्ल अमोनियम व फॉस्फेट यांच्या रूपानें लघवीवाटे टाकून तेवढेंच बायकार्बोनेट रक्तास परत करतात. काकूंचीं मूत्रपिंडें हें काम अर्धवट करूं लागलीं, आणि वीस हिश्श्यांचा जोडीदार रोडावूं लागला. तेव्हां मेंदूनें काय केलें? फुप्फुसांना हुकूम सोडला: दुसऱ्या जोडीदारालाहि कमी करा, संख्या नाहीं राखतां येत तर प्रमाण तरी राखा. ही काकूंची धाप. फवाऱ्यानें जो दमा जाईना तो दमा नव्हताच. तो बफर सांवरण्याचा उद्योग होता. श्वास पूर्ववत् राहिला असता, कार्बन डायॉक्साइड ४० वरच राहिला असता, तर सामू ७.३१ न येतां ७.१७ आला असता. आम्हीं तो हिशेब रुग्णालयाच्या बांकावर, कागदाच्या मागल्या बाजूस करून पाहिला, आणि क्षणभर हातांतलें पेन थांबलें. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई कोणासहि न सांगतां, स्वतःलाहि न कळतां, रात्रंदिवस श्वासाच्या कष्टानें एवढें अंतर राखून होती.

तज्ज्ञांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. असें महिनोन् महिने चाललें म्हणजे शरीर हाडांकडून उसनें घेऊं लागतें. हाडांतले कार्बोनेट व फॉस्फेट आम्ल शमविण्यास खर्चीं पडतात, आणि स्नायूंचीं प्रथिनें झिजतात. मांड्यांची शक्ति गेली होती ती अशी.

एकाच जोडीदाराकडे पाहून रक्ताची स्थिति ठरविणें किती धोक्याचें असतें, याचें इतिहासांतलें उदाहरण पुन्हां कोपनहेगनचेंच आहे. १९५२ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेलीं माणसें, बरींचशीं मुलें, रोज येऊं लागलीं. श्वासयंत्रें मोजकीं. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रोग्यांवर त्या यंत्रांनीं उपचार झाले. त्यांतले २७ गेले. रक्त तपासलें असतां त्यांत कार्बॉनिकाचा एकूण सांठा, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, फार वाढलेला दिसे. बायकार्बोनेट अल्क असतें. तेव्हां रक्त अल्क झालें आहे, कारण अज्ञात आहे, असा डॉक्टरांनीं अर्थ लाविला. रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनीं ब्यॉर्न इब्सेन या भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरास सल्ल्यासाठीं बोलाविलें. इब्सेन यांनीं उलट वाचन केलें: श्वास पुरेसा चालत नाहीं, कार्बन डायॉक्साइड रक्तांत तुंबला आहे, आणि बायकार्बोनेट वाढलें आहे तें केवळ त्याच्याशीं प्रमाण राखण्याच्या धडपडीनें. रोग्यास अल्कानें नव्हे, आम्लानें मरण येत आहे.

ता. २७ ऑगस्ट रोजीं बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेस छेद घेऊन त्यांनीं नळी बसविली, आणि रबरी पिशवी हातानें दाबून तिच्या छातींत हवा भरण्यास आरंभ केला. तुंबलेला वायु निघून जाऊं लागतांच तिची प्रकृति सुधारली. एवढ्या रोग्यांना पुरतील अशीं यंत्रें नव्हतीं. म्हणून सुमारें पंधराशें विद्यार्थी आळीपाळीनें, दिवसरात्र, कित्येक महिने, रोग्यांच्या उशाशीं बसून हातानें पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८७ वरून निम्म्याहूनहि खालीं आलें. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पौल आस्ट्रुप यांनीं सामूमापकाच्या आधारें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड काढण्याची रीत बसविली. काकूंच्या मनगटांतील रक्ताचे तीन आंकडे घंट्याभरांत हातीं आले, त्या साऱ्या सोयीची मुळें त्या सांथींत आहेत. ज्या शहरांत सामू जन्मला आणि ज्या शहरांत सूत्र पुरें झालें, त्याच शहरांत तें सूत्र रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचावयास छत्तीस वर्षें आणि एक सांथ लागावी, हें आम्हां शिक्षकांस फारसें भूषणावह वाटत नाहीं.

काकूंना सोड्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पांचशें मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसांतून तीन वेळां दोन-दोन. एका गोळींत सुमारें सहा मिलिमोल बायकार्बोनेट. म्हणजे रोजचे छत्तीस. मूत्रपिंडांस जें जमेना त्याचा मोठा हिस्सा बाहेरून भरून निघाला. काकू गोळी हातांत घेऊन म्हणाल्या, "जन्मभर भज्यांत घातला तो सोडा आता माझ्याच पोटात का?" आणि पुतण्यांनीं शंका काढली कीं, पोटांत आधींच आम्ल आहे, सोडा तेथेंच संपून जाईल, रक्तापर्यंत पोंचणार काय? शंका चांगली होती. सोडा जठरांतल्या आम्लानें शमतो हें खरें, ढेंकर येते ती त्याचीच. परंतु जठर जेव्हां आम्लाचा एक कण बनवून पोकळींत टाकतें, तेव्हां बायकार्बोनेटचा एक कण रक्ताकडे पाठवितें. एरवीं तो पुढें आंतड्यांत खर्च व्हावयाचा. जठरांतलें आम्ल सोड्यानेंच शमलें म्हणून तो रक्तांत उरतो. हिशेब शेवटीं जमेसच पडतो.

मात्र हें वाचून कोणीं आपल्या वडीलधाऱ्यांस परस्पर सोड्याचीं पाणीं पाजूं नयेत. सहा गोळ्यांबरोबर सोडियमहि जातें; तें दोन ग्रॅम मिठांत असतें तेवढें आहे. ज्यांचीं पावलें सुजतात, रक्तदाब चढतो, हृदय दुबळें आहे, त्यांस तें बाधूं शकतें. आणि मात्रा अधिक झाली तर रक्त खरोखरच अल्क होतें. काकूंची मात्रा रक्त तपासून दोनदां बदलली, आणि तेवढ्यासाठीं त्यांचें लोणचें व पापड बंद झाले. लोणचें बंद होणें हा त्यांच्या मतें साऱ्या दुखण्यांतला सर्वांत मोठा अन्याय होय. डाळीचें प्रमाणहि आहारतज्ज्ञ बाईंनीं ठरवून दिलें. फळें-भाज्या वाढवाव्यात तर त्यांतलें पोटॅशियम आडवें येतें, म्हणून भाज्या चिरून, उकळून, पाणी काढून टाकावें लागतें. सुनांना हें नवें सोवळें वाटलें. पहिला महिना कुरकुर झाली, मग अंगवळणीं पडलें.

तीन महिन्यांनीं बायकार्बोनेट २० वर आलें. धाप गेली. काकू पुन्हां गच्चीवर तुळशीपाशीं जाऊं लागल्या, आणि एके दिवशीं पायऱ्या उतरतांना त्या वरच्या मजल्यावरील कोणाशीं भांडत होत्या, तें ऐकून आम्हांस फार बरें वाटलें. भांडावयास श्वास लागतो.

मूत्रपिंडें मात्र सुधारलेलीं नाहींत, आणि सुधारणारहि नाहींत. गोळ्यांनीं ठेव भरली. ठेव भरणारा सुधारला नाहीं. तज्ज्ञांनीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, पुढेंमागें डायलिसिस लागेल. त्या यंत्रांतल्या द्रवांतहि बायकार्बोनेटच असतें; आठवड्यांतून तीनदां, चार-चार तास, तें रक्ताशीं पडद्याआडून देवघेव करून ठेव पुरी करून देतें. त्यासाठीं हातांतील शीर आधीं कांहीं महिने तयार करावी लागते, आणि त्या लहानशा शस्त्रक्रियेस होकार द्यावयाचा कीं नाहीं, हें काकूंनीं अजून ठरविलेलें नाहीं. मुलांचा आग्रह होकाराकडे. थोरल्या सुनेचें म्हणणें, त्यांचें त्यांना ठरवूं द्या. काकूंनीं आम्हांस एकदां एकट्यानें गांठून विचारलें, "तू शिकवलंयस ना हे सगळं? मग खरं सांग. न घेतलं तर काय होईल?" आम्हीं खरें तेंच सांगितलें: गोळ्यांचा जोर कधींतरी अपुरा पडेल, धाप परत येईल, आणि या खेपेस ती जाणार नाहीं. त्यांनीं ऐकून घेतलें, रडल्या नाहींत, आणि मग डबा उघडून दुपारच्या दोन गोळ्या घेतल्या.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्या खालीं, त्या आतां दर तपासणीचा आंकडा स्वतः लिहितात: १४, १७, २०, २१. गेल्या महिन्यांत १९ आला. शस्त्रक्रियेविषयीं नातवाची मुंज झाल्यावर बोलूं, असें त्यांनीं डॉक्टरांस कळविलें आहे. मुंज वैशाखांत आहे.